मादामच्या देवळातली होडी

हत्यारांची पेटी आणायची होती. काम एवढंच होतं.

सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट. मी तेव्हा दुबईजवळ जबल अलीला एका सुतारकामाच्या कंपनीत होतो आणि कॅम्पात राहायचो, एका खोलीत आठ जण. माझा मोठा भाऊ सोमनाथ त्याच कंपनीत, पण त्याला दोन वर्षांपासून पलीकडच्या किनाऱ्यावर, फुजैऱ्याला ठेवलं होतं. तिथे समुद्रात टँकर नांगर टाकून उभे असतात, तालुक्याच्या स्टँडवर एसट्या लागतात तसे. त्यांच्या केबिनींतली दारं, खाटा, कपाटं दुरुस्त करायला सुतार लागतो. दादा सकाळी लाँचने जायचा, संध्याकाळी परत यायचा.

पेटी आणायला गेलो त्याच्या एकोणीस दिवस आधी लाँच परत येताना वारं उठलं आणि लाँच उलटली. आत चौघे होते. तिघे सापडले, जिवंत. दादा सापडला नाही.

आता मी हे सरळ लिहितो आहे, पण तेव्हा कोणी 'गेला' म्हटलं की मी त्याच्या अंगावर जायचो. कॅम्पात एकाची कॉलर फाडली होती. सापडला नाही म्हणजे सापडला नाही, एवढंच. दादाला पोहता येत होतं. आमच्या वाडीजवळच्या खाडीत तो मला पाठीवर घेऊन या काठावरून त्या काठाला जायचा.

गावी आये होती, म्हणजे आमची आई तानुबाई, आणि दादाची बायको रुपाली वहिनी. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. भटजींनी सोमवार सांगितला होता. पण आये अडून बसली. मला फोनवर म्हणाली, "तू तुझ्या डोळ्यांनी बघलंस काय? नाय ना? मगे मी कोणाक जाळू?" वहिनी मधल्या मधे लटकली होती. रोज सकाळी कुंकवाचा करंडा उघडायची, त्यात बघायची आणि झाकण लावून ठेवून द्यायची, असं मला चुलत बहिणीने सांगितलं. शेवटी ठरलं की शुक्रवारी संध्याकाळी मी फोन करायचा आणि काय ते सांगायचं. माझ्या एका शब्दासाठी घर थांबलं होतं. आणि मी मनाशी पक्कं केलं होतं की तो शब्द मी देणार नाही.

त्या शुक्रवारी सकाळी मी जहूरभाईच्या पिकअपमधून निघालो. जहूरभाई कंपनीचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, राजापूरकडचा, म्हणजे आमच्याच मुलखातला.

"पेटी कुठे आहे?" मी विचारलं.

"मादामकडे."

"कोण मादाम?"

"सोमाने तुला सांगितलं नाही? दर शुक्रवारी तिच्याकडे असायचा. तिचं देऊळ बांधत होता."

"फुजैऱ्यात देऊळ?"

"तिच्या देवाचं. घरातल्या घरात. आणि तिला फ्रेंच म्हणू नकोस, रागावते. ती ब्रेतॉन. फ्रान्सच्या टोकाला समुद्रात घुसलेला मुलूख आहे म्हणे त्यांचा. आपल्याला कोणी मुंबईवाला म्हटलं की कसं वाटतं, तसं तिला वाटतं."

"मला चालतं मुंबईवाला म्हटलेलं."

"तुला काय, तुला कोणी काहीही म्हटलेलं चालतं. फक्त एक शब्द सोडून."

मी खिडकीबाहेर बघितलं. मसाफीच्या पुढे डोंगर लागतात, उघडे, तपकिरी. जहूरभाई हळूच म्हणाला, "ती जी तीन पोरं वाचली ना, त्यातला एक म्हणत होता..."

"गाडी थांबव. मी चालत जातो."

"बरं बाबा, खलास. नाही बोलत."

मादामचं घर समुद्राच्या बाजूला, जुनं, बैठं. अकराच्या सुमारास पोचलो. दार तिनेच उघडलं. सत्तरीची, उंच बाई, केस आखूड कापलेले, अंगात पुरुषी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. नाव स्वाझिग. तिचा नवरा बंदरात जहाजं आत आणायचं काम करायचा, तो वारला आणि ही इथेच राहिली. पूर्वी नवरा मुंबई बंदरात होता, त्यामुळे बाजारापुरतं हिंदी तिला येत होतं. तिचं तुटकं हिंदी मी इथे मराठीत लिहितो.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "छोटा भाई," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"पेटी न्यायला आलोय," मी म्हटलं.

"पेटी देवळात आहे. ये."

मागच्या अंगणात गाडी ठेवायची जुनी शेड होती. तिला नवीन दार बसवलं होतं, इतकं ठेंगणं की मला कमरेत वाकावं लागलं. दाराशी भिंतीत दगडाची वाटी होती, पाण्याने भरलेली. मादामने त्यात बोटं बुडवली आणि कपाळाला लावली. मी नुसतीच बुडवली.

आत गार होतं, एसी चालू होता. डोळे अंधाराला सरावले तशी मला आधी दादाच्या हाताने रंधा मारलेली फळी ओळखू आली. माणसाचं अक्षर ओळखू येतं तशी ओळखू येते. मग मी मान वर केली आणि पेटीचं विसरलो.

छत म्हणजे होडी होती. उलटी घातलेली अख्खी होडी. फळ्यांना फळ्या भिडवून वाकवलेल्या, आतून फासळ्या, मधोमध लांबच लांब कणा. सगळं गडद निळ्या रंगाचं, जहाजावरच्या रंगाचं.

"असं का?" मी विचारलं.

"आमच्या गावात देऊळ बांधायला होड्या बांधणारेच सुतार यायचे. त्यांना दुसरं छत कुठे येत होतं?" ती हसली. "हे खरं कारण. पाद्री वेगळं सांगायचे. म्हणायचे, आपण सगळे एकाच होडीत बसलेले आहोत."

"पण उलटी आहे."

"हो," ती म्हणाली. "लहानपणी मीही हेच विचारलं होतं. मला कोणी उत्तर दिलं नाही."

दोन भिंतींमधून आडव्या तुळया गेल्या होत्या, आणि प्रत्येक तुळईचं टोक एका जनावराच्या जबड्यात होतं. दातांसकट कोरलेलं. तिच्याकडे म्हणे ते ड्रॅगन असतात. दादाने मगरी केल्या होत्या, आमच्या देवळाच्या पन्हाळीवर आहेत तशा, वर वळलेल्या सोंडेच्या. मला हसू आलं. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा.

"ह्या तुळया का खातात?"

"खात नाहीत. माझी आजी म्हणायची, वाईटाच्या तोंडात घराचा भार दिला की त्याला बोलता येत नाही."

मी एकेक विचारत गेलो. कोपऱ्यातली लाकडी बाई कोण, मांडीजवळ मुलगी घेऊन पुस्तक दाखवणारी? ती येशूची आजी, संत आन. आजीला एवढा मान कसा? "पुरुष समुद्रावर असतात. घरात कोण उरतं?" केरसुणी देवळात का ठेवली आहे? मादामने केरसुणी हातात घेतली. तिच्या गावी माणूस समुद्रावर असला की बाया देऊळ झाडतात आणि तो केर दाराबाहेर वाऱ्यावर सोडतात, म्हणजे वारा फिरतो आणि माणूस घरी येतो. "एकोणीस दिवस झाडते आहे," ती म्हणाली. "भुसाच निघतो. त्याच्याच रंध्याचा."

मी घाईने पेटीकडे वळलो. पेटी समोरच्या वेदीच्या, म्हणजे पूजेच्या ओट्याच्या पायथ्याशी होती. तिच्यावर पांढरा कपडा अंथरलेला होता, आणि कपड्यावर मेणाचा एक छोटा क्रूस. हाताच्या करंगळीएवढा.

"हे काय?"

"तुझा भाऊ."

माझं डोकं फिरलं. "मेलेल्याचं करतात ते हे?"

"ज्याचा देह समुद्र देत नाही, त्याच्यासाठी आमच्या बेटावर असा क्रूस करतात. घरात ठेवतात, माणूस ठेवावा तसा. रात्रभर शेजारी बसतात. मग देवळात नेतात. मी सहा वर्षांची असताना माझ्या बापाजवळ बसले होते. एवढाच होता." तिने बोटाने दाखवलं.

"माझा भाऊ ख्रिस्ती नव्हता. आणि तो गेलेलाही नाही."

जहूरभाई दाराबाहेर उभा होता, आत आला नव्हता. तिथूनच म्हणाला, "भिकाजी, आवाज खाली."

मादाम रागावली नाही. "धर्मासाठी नाही हे. माणसाला पत्ता लागतो. समुद्रात पत्ता नसतो." तिने कंबरेवर हात ठेवला. "मी बसत आले, पण मी परकी. रक्ताचं कोणी बसायला हवं. जहूर नमाजाला जाईल, तो येईपर्यंत बस. मग पेटी घे आणि जा. बसायचं नसेल तर तुझ्या भावाचं काम बघत बस. ते तरी करशील?"

ते मी करणार होतो. खरं सांगायचं तर मला त्या देवळाची भूल पडली होती. बिनशिकलेला माणूस मी, सातवीत शाळा सोडली, पण लाकूड मला वाचता येतं आणि तिथे दादाने दोन वर्षांचं लिहून ठेवलं होतं.

जहूरभाई जुम्म्याच्या नमाजाला गेला. मादाम घरात गेली. बारा वाजून गेले होते. आमच्याकडे तिन्हीसांजेला जपतात तसंच भर बाराच्या उन्हालाही जपतात. त्या वेळी कोणाला नावाने हाक मारत नाहीत. हे मला तेव्हा आठवलं आणि मी ते झटकून टाकलं.

मग मला ती होडी दिसली.

वेदीसमोर, पेटीच्या बरोबर वर, छताच्या कण्यापासून तारेने टांगलेली, दोन हात लांब. मादामच्या देशात तीन डोलकाठ्यांची जहाजं टांगतात, हे तिने नंतर सांगितलं. दादाने मात्र आमच्या वाडीची होडी केली होती. तीच उंच नाळ, म्हणजे होडीचं पुढचं तोंड, तीच निमुळती पाठ, वल्ह्यांच्या खुंट्यासुद्धा. बघता बघता माझ्या लक्षात आलं की ती उलट्या दिशेला तोंड करून टांगली आहे. नाळ आत होती, वेदीकडे. पाठ दाराकडे, समुद्राकडे.

आमच्या वाडीत काठावर ओढलेल्या होडीची नाळ नेहमी पाण्याकडे असते. एकदाच फिरवतात. होडीचा मालक वारला की चौघे जण येतात आणि नाळ घराकडे करतात. मग बारा दिवस त्या होडीला कोणी हात लावत नाही.

दादा अशी टांगणार नाही, मला वाटलं. हे त्या म्हातारीचं काम. तिने भावाला मेणाचा केला तो केलाच, वर त्याची होडीही फिरवली. मी स्टूल ओढलं, चढलो आणि होडी दोन्ही हातांनी धरून सरळ अर्धी फिरवली. नाळ दाराकडे. उतरलो, स्टूल जागेवर ठेवलं आणि पेटीशेजारी जमिनीवर बसलो. मला बरं वाटलं. कोणाची तरी जिरवल्यासारखं.

तेवढ्यात एसी बंद पडला.

बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना एसी बंद पडतो तेव्हा आधी आवाज जातो. इतका वेळ आपल्याला ऐकू येत नसलेला आवाज. मग जी शांतता येते ती कानात दुखते. बारीक खिडकीतून पिवळा उजेड येत होता तो धुळीने मळलेला होता. आधी सागाच्या भुशाचा वास आला, तो माझ्या ओळखीचा. मग डिझेलचा. मग ओल्या दोराचा.

आणि वरून आवाज आला. टक. टक.

लाकडाला लाकूड नव्हे. बोटांची पेरं लाकडावर.

मला वाटलं, छपरावर पक्षी असेल. मी वर बघितलं. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी कुठे बसलोय. वर होडीचा तळ होता. फासळ्या, कणा, निळा अंधार. मी उलटलेल्या होडीच्या आत होतो... आणि कोणीतरी तिच्या पाठीवर, बाहेरच्या बाजूने, ठोकत होतं.

टक. टक. टक.

भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मला ते काय आहे ते बघायचं होतं. माझा स्वभावच तसा, आये म्हणते, हा आधी हात घालतो, मग बघतो विंचू आहे का. मी परत स्टुलावर चढलो. हात वर केला. छताच्या फळीवर तीनदा ठोकलं.

वरचं ठोकणं एकदम थांबलं. मग ते घाईघाईने सुरू झालं... इथे, तिथे, दोन्ही बाजूंनी, जसं काही वर दोघं-तिघं आहेत आणि मी नेमका कुठे आहे ते शोधताहेत. फळीवर माझा हात होता. फळी ओली होती. मी बोट चाटलं. खारट.

"दादा?" मी म्हणालो. भर बारा वाजता, नावाने नाही, पण हाक मारलीच.

ठोकणं दूर जायला लागलं. कमी कमी होत गेलं... जसे वरचे लोक थकले, किंवा कोणी त्यांना ओढून नेलं. शेवटी एकच उरलं. टक... बऱ्याच वेळाने टक... मग तेही नाही. माझ्या छातीला हवा पुरेना. मला ओरडायचं होतं, मी इथे आहे, अजून आहे, जाऊ नका. का ते माहीत नाही. मला दार दिसत होतं, पाच पावलांवर होतं, पण ते दार आपल्यासाठी आहे असं वाटतच नव्हतं.

दार उघडलं. मादाम वाकून आत आली. हातात पाण्याचा ग्लास. तिने होडीकडे बघितलं आणि ग्लास जमिनीवर ठेवला.

"कोणी फिरवली?"

"मी."

"का?"

"नाळ घराकडे असली म्हणजे मालक मेला. आमच्याकडे."

ती म्हणाली, "आमच्याकडे नाळ वेदीकडे असली म्हणजे माणूस घरी आला. दाराकडे असली म्हणजे निघाला." ती थोडी टेकली भिंतीला. "ती त्यानेच टांगली होती, छोटा भाई. मी सांगितलं, तोंड आत कर. तेव्हा तो हसला. म्हणाला, आमच्याकडे ह्याचा अर्थ वेगळा असतो. काय, ते सांगितलं नाही. तशीच टांगली. त्याच आठवड्यात..."

मी होडीकडे बघत होतो. तार ताणलेली होती. दोन हात लांबीची, सागाची होडी, तिचं वजन मी मघाशी हातात घेतलं होतं, पाच किलोसुद्धा नाही. आता तार इतकी ताणली होती की बारीक गुणगुणत होती. होडीच्या तळातून एक थेंब सुटला. मग दुसरा. पांढऱ्या कपड्यावर, क्रुसाच्या शेजारी.

"परत फिरव," मादाम हळू आवाजात म्हणाली. "मला नाही जमणार. तू फिरवलीस, तूच फिरव. आणि त्याला बोलव. तुमच्या भाषेत."

"आणि नाही फिरवली तर?"

"तर तो तुझ्या सांगण्यावरून परत गेला."

मी स्टुलावर चढलो. होडीला हात लावला आणि ती हलेना. किनाऱ्यावर भरलेली होडी वाळूत रुतते तशी. मी खांदा दिला, पाय रोवले. हाताखालचं लाकूड गार आणि ओलं होतं आणि आत कोणीतरी बसलं आहे असा तो भार होता... माणसाने अंग टाकून दिलं की असतो तसा. मला कळत होतं की ताकदीने हे होणार नाही. मला कळत होतं काय म्हटल्यावर होईल. आणि ते म्हटलं की संपलं, हेही कळत होतं.

मला किती वेळ लागला माहीत नाही. मादाम खाली स्टूल धरून उभी होती.

"दादा," मी म्हणालो. "ये. आत ये. पोचलास."

होडी हलकी झाली. माझ्या बोटांखालून आपोआप फिरली, सावकाश, धक्क्याला लागते तशी, आणि नाळ वेदीकडे करून थांबली. एसी सुरू झाला. मी स्टुलावरच बसलो आणि रडलो. एकोणीस दिवसांत रडलो नव्हतो. मादामने मला थांबवलं नाही. रडून झाल्यावर ग्लास हातात दिला.

जहूरभाई आला तेव्हा मादामने आणि मी मिळून तो क्रूस भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेटी गाडीत टाकली. गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा मीच म्हटलं, "तो पोरगा काय म्हणत होता? सांग आता."

"जाऊ दे रे."

"सांग जहूरभाई."

तो समोर बघत गाडी चालवत राहिला. "तिघे उलटलेल्या लाँचच्या पाठीवर चढून बसले. सोमा दिसेना. तर आतून ठोकल्याचा आवाज. तळाखाली हवा राहते ना थोडी, तिथे अडकला होता. ह्यांनी वरून ठोकलं, त्याने आतून. ठोकत ठोकत शोधत होते कुठे आहे तो. मग लाटेने लाँच फिरवली आणि हे तिघे पाण्यात पडले. परत चढले तेव्हा..." त्याने गिअर बदलला. "अर्धा तास ठोकत होते म्हणे पोरं."

मी त्याला सांगितलं नाही की त्यांचं ठोकणं मी ऐकलं. आतून ऐकलं.

संध्याकाळी गोल चौकाजवळच्या फोनच्या बूथमध्ये शिरलो. काचेचा बूथ, आत भट्टी. फोनकार्ड घातलं. गावी फोन दुकानात होता, आये आणि वहिनी तिथे येऊन बसणार होत्या. मी ठरवलं होतं काय बोलायचं ते. डोळ्यांनी बघितलं, पण हाती लागण्याआधी पाण्याने ओढून नेला म्हणून सांगायचं. खोटं, पण आता खोटं म्हणवत नव्हतं. सोमवारी अग्नी होऊ दे. वहिनीचं ते रोजचं संपू दे.

"आये."

"बोल."

"बघितलं मी त्याला."

पलीकडे पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता.

"तुझ्या डोळ्यांनी?"

"माझ्या डोळ्यांनी."

आये लिहा-वाचायला शिकली नाही, पण तिला फसवणं सोपं नाही. ती म्हणाली, "तेच्या अंगावर काय होता?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. कंपनीचा निळा ड्रेस. कामावरून येत होता, दुसरं काय असणार? मी तेच सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "पिवळा शर्ट. बारीक चौकड्यांचा. वरचं बटण काळं, बाकीची पांढरी."

मी असा शर्ट कधी बघितला नव्हता.

फोनवर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग वहिनी बोलली. तिचा आवाज मी महिन्याभरात पहिल्यांदा ऐकत होतो.

"भावजी, तो मी शिवला होता. आपल्या वाडीतल्या मैमुनाबीचा मुलगा तिकडे आला त्याच्या हाती पाठवला. एक बटण कमी पडलं म्हणून घरातलं काळं लावलं. ह्यांना मिळाला की नाही, तेसुद्धा मला कळलं नव्हतं. म्हणजे खरंच बघितलंत तुम्ही."

मी काचेतून बाहेर बघितलं. जहूरभाई पिकअपला टेकून उभा होता. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

आयेने फोन परत घेतला. ती रडत नव्हती. तिचा आवाज अगदी हळू आणि मऊ झाला होता, लहानपणी झोपवताना व्हायचा तसा.

"भिक्या, एवढाच सांग. डोळे मिटलेले होते मां रे तेचे?"

मी 'हो' म्हणणार होतो. कोणीही 'हो'च म्हटलं असतं. आईला दुसरं काय सांगणार?

आणि त्या काचेच्या बूथमध्ये मी माझाच आवाज ऐकला.

"नाय गो आये. उघडे आहेत. माझ्याकडेच बघतोय."